उभ्या गाडीचा ताप

वैशाखातील भर दुपारी नांदुऱ्याहून निघालेली, वयाने तीस-पस्तीस वर्षांची झालेली एखादी मोटार येरळीचा पूर्णेवरील पूल ओलांडून, वाटेत कोठेही न कुरकुरता जळगाव जामोदला येऊन पोहोचते. मालक तिला बाजारात उभी करून घटकाभरात आपले काम उरकून परततो, आणि मग मात्र किल्ली कितीही फिरवली तरी ती सुरू होण्याचे नाव घेत नाही. स्टार्टर फिरत असतो, बॅटरी ठणठणीत असते, टाकीत पेट्रोल असते. भोवती जमलेल्या मंडळींपैकी एकजण प्लगवर संशय घेतो, दुसरा पेट्रोलमध्ये कचरा आला असे निदान करतो, आणि तिसरा, हिचे आता वय झाले, हिला भंगारात द्या, असा निवाडा देऊन मोकळा होतो. अर्ध्या तासाने, कोणी कशालाही हात लावलेला नसताना, तीच गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते.

यातील चमत्कारिक भाग असा की, जी गाडी उन्हात तासभर ओझे ओढीत असता तक्रार करीत नाही, ती विसावा मिळताच आजारी पडते, आणि अधिक विसावा मिळाला म्हणजे आपोआप बरी होते. वयाचे कारण येथे लागू पडत नाही, कारण वय अर्ध्या तासात कमी होत नसते. अर्ध्या तासात जी वस्तू प्रथम वाढून मग कमी होऊ शकते, ती एकच, आणि ती म्हणजे उष्णता. जुन्या मोटारीच्या दुखण्यांपैकी बहुतेक सगळी, निदान आपल्या मुलखात, या उष्णतेच्या वाटांची दुखणी असतात, हे एकदा ध्यानात आले की मिस्त्रीपुढे कैफियत मांडणे पुष्कळ सोपे जाते.

बार्सिलोनाहून मुंबईला

परंतु प्रथम गाडीच्या कुळाविषयी थोडेसे. यादवी युद्धात होरपळलेल्या स्पेनमध्ये सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार देशातच बनावी या हेतूने १९५० साली तेथील सरकारी उद्योगसंस्था, काही बँका आणि इटलीतील तुरीन येथील फियाट कंपनी यांनी मिळून ‘सिआत’ हा कारखाना स्थापन केला. १९५३ मध्ये बार्सिलोनाच्या बंदरालगत त्याची पहिली गाडी बाहेर पडली. १९५७ साली आलेली आणि १९७३ पर्यंत निघत राहिलेली ‘सिआत ६००’ ही चिमुकली गाडी तर सुमारे ८ लाख इतक्या संख्येने खपली, आणि ज्या कुटुंबाने त्यापूर्वी सायकलीपलीकडे वाहन पाहिले नव्हते ते तीत बसून समुद्रावर जाऊ लागले. तिचे इंजिन मागच्या बाजूस होते, आणि उन्हाळ्यात घाट चढताना तिचे पाणी उकळणे ही स्पेनमधील लोकांच्या अनुभवाची गोष्ट होती. आपल्याकडील मालकांना यात आपलेपणा वाटला तर नवल नाही.

याच सुमारास आपल्याकडेही तोच प्रयोग चालला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने आरंभी अमेरिकन गाड्या जुळवल्या, पुढे फियाटशीच करार केला, आणि त्या करारातून निपजलेली ‘फियाट ११००’ अनेक रूपे घेत १९७४ साली ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तेव्हा पद्मिनी आणि सिआत या एकाच गुरूच्या दोन शिष्या. पुढे त्यांचा संबंध याहूनही जवळचा झाला. १९६६ साली फियाटने ‘१२४’ नावाची चौकोनी, साधी आणि प्रशस्त गाडी काढली. १९६७ चा युरोपातील सर्वोत्तम मोटारीचा मान तिला मिळाला. रशियातील तोल्याती गावी १९७० पासून निघालेली ‘लाडा’ तिच्यावरूनच बेतलेली. स्पेनमध्ये सिआतने हीच १२४ सन १९६८ ते १९८० पर्यंत बनवली, आणि तेथील उत्पादन संपल्यावर तिचे साचे प्रीमियरने विकत घेतले. त्यांवर १९८५ पासून ‘प्रीमियर ११८ एनई’ निघू लागली. तिच्यात इंजिन बसवले होते ते मात्र जपानच्या निस्सानचे, १,१७१ घनसेंटिमीटरचे.

म्हणजे आराखडा इटलीचा, साचे स्पेनचे, इंजिन जपानचे आणि जोडणारे हात मुंबईचे. अशा संकरित गाडीच्या सुट्या भागांचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. इंजिनाचे ठीक आहे. निस्सानचे ते इंजिन जगभर इतक्या गाड्यांत बसले की त्याच्या रिंगा, बेअरिंगे, गॅस्केटे शोधणाऱ्यास अजून सापडतात. दुर्मीळ असतात त्या दारांच्या कडा, दिव्यांच्या काचा, खिडक्यांची रबरे. त्यांसाठी मुंबईतील कुर्ल्याचा भंगारबाजार पालथा घालावा लागतो. येथे विचार करावयाचा आहे तो इंजिनाचा, आणि त्या बाबतीत ११८ काय अथवा पद्मिनी काय, दोघींची प्रकृती सारखीच.

धावताना थंड, थांबल्यावर गरम

पेट्रोलमध्ये साठवलेल्या शक्तीपैकी फार तर चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडी अधिक शक्ती चाकांच्या उपयोगी पडते. उरलेलीचे साधारण दोन वाटे होतात: एक धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर जातो, आणि दुसरा इंजिनाच्या भिंतींतून पाण्यात उतरतो. आत स्फोटाच्या क्षणी वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या वर गेलेले असते, आणि तरीही बाहेरील पाणी ऐंशी-नव्वद अंशांवर स्थिर राहते, याचे श्रेय चार वस्तूंच्या अखंड सहकार्याला आहे. वॉटर पंप पाणी फिरवतो, थर्मोस्टॅट त्याला वाट देतो अथवा अडवतो, रेडिएटर त्याची उष्णता वाऱ्याला देतो, आणि पट्ट्यावर फिरणारा पंखा तो वारा पुरवतो. गाडी धावत असली म्हणजे समोरून येणारा वाराही यात हातभार लावतो.

किल्ली बंद करताच ही सारी व्यवस्था एका क्षणात मोडते. पंप थांबतो, पंखा थांबतो, वारा थांबतो. पण इंजिनाच्या जड लोखंडात आणि धुराड्यात साठलेली उष्णता थोडीच थांबणार? तिला पाण्याची वाट बंद झालेली असते, म्हणून ती मिळेल त्या वाटेने शेजारच्या थंड वस्तूंकडे सरकू लागते. बंद बॉनेटखालील हवा तापते, मग रबरी नळ्या, मग कार्बोरेटर, मग पेट्रोलचा पंप. गाडी थांबल्यानंतर पहिली दहा-वीस मिनिटे या भागांचे तापमान कमी होण्याऐवजी वाढत असते. निस्सानच्या या इंजिनात तर हवा आत घेणारी आणि धूर बाहेर टाकणारी अशा दोन्ही वाटा इंजिनाच्या एकाच अंगाला आहेत, त्यामुळे कार्बोरेटर नेमका तप्त धुराड्याच्या वर बसतो. अकोल्याचा पारा ज्या दिवसांत पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, त्या दिवसांत बॉनेटखाली काय होत असेल याची कल्पना करण्यास फार पांडित्य लागत नाही.

पेट्रोल चढत नाही, म्हणजे काय?

पाणी शंभर अंशांवर उकळते, कारण पाणी हा एकच पदार्थ आहे. पेट्रोल हे मात्र कित्येक निरनिराळ्या द्रवांचे मिश्रण असून, त्यांतील हलके अंश पस्तीस-चाळीस अंशांनाच वाफ होऊ लागतात, तर जड अंशांना दोनशे अंशांपर्यंत वाट पाहावी लागते. हिवाळ्यात सकाळी गाडी चटकन सुरू व्हावी म्हणून हे हलके अंश आवश्यकच असतात. तेच उन्हाळ्यात घात करतात.

आता जुन्या गाडीतील पेट्रोलचा पंप पाहा. मिस्त्री लोक याला ‘एसी पंप’ म्हणतात. तो इंजिनाच्या अंगालाच बोल्टांनी बसवलेला असतो. आत रबरी कापडाचा एक पडदा असतो. इंजिनातील कॅमशाफ्ट एका दांडीमार्फत तो पडदा खाली ओढतो, तेव्हा मागच्या टाकीतून पेट्रोल शोषले जाते. पडदा वर आला की ते कार्बोरेटरकडे ढकलले जाते. पेट्रोलने उलट फिरू नये म्हणून दोन झडपा पहारा देतात. द्रव दाबला तरी आकसत नाही, या एकाच गुणावर हे यंत्र उभे आहे. पंपात द्रवाऐवजी वाफ भरली तर पडदा हलत राहतो, पण वाफ नुसतीच आकसते आणि प्रसरण पावते. झडपा उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. त्यात भर म्हणजे, पंप पेट्रोल ओढीत असताना नळीतील दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की कोणताही द्रव अधिक लवकर उकळतो. म्हणजे पंप जितका निकराने ओढतो तितकी वाफ अधिक होते. या अवस्थेला बाष्परोध म्हणावे. मिस्त्री ‘एअर धरली’ म्हणतो, आणि त्याचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या किंचित चुकीचे असले तरी व्यवहारात बरोबर आहे.

यावर सर्वत्र प्रसिद्ध असलेला उपाय म्हणजे पंपावर ओले फडके घालणे. त्याची थट्टा करणारे पुष्कळ भेटतात, पण माठातील पाणी ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने हा उपाय लागू पडतो: फडक्यातील पाणी वाफ होऊन उडताना लागणारी उष्णता ते पंपाच्या अंगातून घेते, आणि आपल्याकडील कोरड्या उन्हात पाणी झपाट्याने उडत असल्याने पंप झपाट्याने निवतो. कोकणातल्या दमट हवेत याच फडक्याचा गुण निम्माही येणार नाही. याउलट अमेरिकेत जुन्या काळी पेट्रोलच्या नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावण्याची प्रथा होती. तिचा फायदा चिमटे विकणाऱ्याखेरीज कोणाला झाला असेल असे वाटत नाही.

मात्र याच लक्षणाचे, नेमके उलट्या कारणाने होणारे, दुसरे एक दुखणे आहे, आणि दोहोंची गल्लत केल्यानेच अर्धी बॅटरी वाया जाते. कार्बोरेटरच्या वाटीत साठलेले पेट्रोल खालच्या उष्णतेने उकळू लागले, तर ते उतू जाऊन थेट इंजिनाच्या श्वासमार्गात ठिबकते. तेथे मग पेट्रोल अतिशय आणि हवा अपुरी, अशी स्थिती होते. प्लग ओले होतात आणि ठिणगी पडूनही पेट घेत नाही. पहिल्या दुखण्यात पेट्रोलची उपासमार, दुसऱ्यात अजीर्ण. ओळखण्याची खूण नाकाजवळच आहे: बॉनेट उघडताच पेट्रोलचा उग्र वास आला तर अजीर्ण, काहीच वास नसेल आणि प्लग कोरडा निघाला तर उपासमार.

चौकट: तापलेली गाडी सुरू होत नसेल तर

प्रथम बॉनेट उघडून ठेवावे, आणि कोणतीही ठिणगी अथवा विडी जवळ येऊ देऊ नये. वास येत असल्यास ॲक्सिलरेटर पायाने पूर्ण दाबून तसाच धरावा आणि मग किल्ली फिरवावी. पाय वरखाली करू नये, कारण प्रत्येक दाबासरशी कार्बोरेटर आणखी थोडे पेट्रोल आत फवारतो. वास नसल्यास पंपावर व त्याच्या नळीवर ओले फडके घालून दहा मिनिटे थांबावे. चोक मात्र दोन्ही प्रसंगी ओढू नये. रेडिएटरचे झाकण तापलेल्या स्थितीत कदापि उघडू नये.

हे वारंवार होत असेल तर कार्बोरेटरच्या बुडाशी असणारा उष्णतारोधक जाड ठोकळा जागेवर आहे की नाही याची खातरजमा करावी. मागे कधीतरी कार्बोरेटर उतरवताना तो तुटलेला असतो, आणि त्या जागी पातळ पुठ्ठ्याचे गॅस्केट कापून बसवलेले असते. पुठ्ठा पेट्रोल गळू देत नाही, पण उष्णता अडवत नाही. नव्या गाड्यांत हा प्रश्न का उद्भवत नाही, हेही येथेच सांगून टाकावे: त्यांचा विजेवर चालणारा पंप टाकीत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो, आणि तो ओढण्याऐवजी मोठ्या दाबाने ढकलतो, दाबाखालील द्रव सहजासहजी उकळत नाही.

खारपाणपट्ट्याचे पाणी

आतापर्यंत सांगितले ते कोणत्याही उष्ण मुलखाला लागू आहे. जळगाव जामोदला एक आणखी गोष्ट विचारात घ्यावी लागते, आणि माझ्या मते तीच मुख्य. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस पूर्णा यांच्यामधला हा गाळाच्या जमिनीचा प्रदेश, अमरावती-अकोल्यापासून बुलढाण्यापर्यंत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात मोडतो. येथील विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्याने माणसांच्या मूत्रपिंडांचे काय हाल केले हे या तालुक्यात कोणाला सांगावयास नको. त्यासाठीच वान धरणाचे पाणी गावोगाव नेण्याची योजना करावी लागली. पण घरात वानचे पाणी पिणारा मनुष्यही रेडिएटरमध्ये घालताना शेतावरच्या बोअरची बादली उचलतो. मोटारीला तहान कसली आणि चव कसली, असा त्याचा हिशेब असतो.

या पाण्यात दोन प्रकारचे अपराधी असतात. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे विरघळलेले क्षार पाणी तापताच अविद्राव्य होतात, आणि नेमके जेथे धातू सर्वांत तप्त, तेथेच पांढऱ्या कवचाच्या रूपाने बसतात. हे कवच उष्णता वाहण्यात लोखंडाच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकेच कार्यक्षम असल्याने, पातळ थरही मोठ्या जाडीच्या लोखंडाएवढा अडसर घालतो. पाण्याचा काटा नव्वदच दाखवतो, आणि भिंतीपलीकडील धातू मात्र त्याहून कितीतरी तापलेला असतो. हेच कवच रेडिएटरच्या अरुंद नळ्या एकेक करून बुजवते.

दुसरा अपराधी म्हणजे साधे मीठ. या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे आहे, पद्मिनीचेही तसेच. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यांच्यात अल्पसा विद्युत्प्रवाह वाहू लागतो, आणि त्याची किंमत दोहोंपैकी अधिक क्रियाशील धातू, म्हणजे येथे ॲल्युमिनियम, स्वतः विरघळून चुकती करतो. ॲल्युमिनियमवर निसर्गतः असणारा संरक्षक थरही मीठ फोडते. जुने हेड उतरवल्यावर पाण्याच्या छिद्रांभोवती जे कुरतडलेले खड्डे दिसतात, ते याचे पुरावे. खड्डा सरकत सरकत गॅस्केटच्या कडेपर्यंत पोहोचला की पाणी सिलिंडरमध्ये अथवा तेलात शिरते. तेल दुधट दिसू लागते, आणि मग खर्चाचा आकडा मालकाच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

त्यात पुन्हा ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. नेहमीच्या तापमानात हा फरक गॅस्केट सोसते. पाणी संपून इंजिन भलतेच तापले तर हेड वाकडे होते, आणि अशा वेळी घाबरून वरून गार पाणी ओतले तर त्याला तडा जाण्याचा संभव असतो. वाकलेले हेड लेथवर नेऊन सपाट करून घेता येते, परंतु प्रत्येक वेळी थोडा धातू जातो, आणि ही सवलत अमर्याद नसते.

याच ठिकाणी आपल्या मिस्त्रीवर्गाच्या एका लाडक्या उपायाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. गाडी गरम होते म्हटले की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, कारण ‘आपल्या उन्हात तो हवा कशाला’. वस्तुतः थर्मोस्टॅट ऐंशी अंशांच्या आसपास उघडतो आणि उन्हाळ्यात तो पूर्ण उघडाच असतो. ठाकठीक असलेला थर्मोस्टॅट गाडी तापवीत नाही. तो काढल्याने बुजलेल्या रेडिएटरचा दोष चार दिवस झाकला जातो, आणि थंडीत इंजिन वेळेवर न तापल्याने पेट्रोल जास्त जळते, तेल खराब होते, रिंगा झिजतात. नादुरुस्त थर्मोस्टॅट बदलावा. निरोगी काढू नये.

खरा उपाय निराळा आहे. रेडिएटर उतरवून, त्याच्या वरच्या-खालच्या टाक्यांचे डाख सोडवून, नळ्यांतून सळई फिरवून घेणारा कारागीर एकदा गाठावा. त्यानंतर आत बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी अथवा छपरावरून धरलेले पावसाचे पाणी, आणि त्यात प्रमाणशीर कूलंट भरावे. हल्ली गावोगाव मिळणारे जारचे पाणीही बोअरहून कितीतरी बरे, पण कूलंटशिवाय नव्हे, कारण धातू राखणारी द्रव्ये त्या कूलंटमध्येच असतात. रेडिएटरच्या झाकणाचे रबरही पाहून घ्यावे. ते झाकण आतील पाणी दाबाखाली ठेवते, आणि सात पौंडांच्या दाबानेही पाण्याचा उत्कलनबिंदू एकशेदहा अंशांपलीकडे जातो; झिजलेले रबर ही मिळालेली सूट परत घेते.

नवे पेट्रोल आणि कचेरीची मुदत

इतके सांभाळूनही अलीकडे एक नवी तक्रार ऐकू येते. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे देशाचे उद्दिष्ट २०२२ साली पूर्ण झाले, आणि २०२५ पासून वीस टक्क्यांचे मिश्रण सर्वत्र आले. इथेनॉलचा स्वतःचा उत्कलनबिंदू ७८ अंश असला तरी पेट्रोलशी मिसळल्यावर त्यातील हलके अंश अधिक सहज सुटतात, म्हणजे बाष्परोधाची प्रवृत्ती वाढते, घटत नाही. इथेनॉलमध्ये प्राणवायू अंगभूत असल्याने कार्बोरेटरच्या जुन्या जेटमधून येणारे मिश्रण विरळ पडते आणि गाडी ओढीला अडखळते. जाणता मिस्त्री एक माप मोठा जेट घालून हे बरेचसे सुधारू शकतो. सर्वांत मोठी झळ रबराला बसते. ज्या काळी हे मिश्रण कोणाच्या स्वप्नातही नव्हते त्या काळच्या नळ्या आणि पंपाचा पडदा त्यात फुगतात, मऊ होतात, चिरतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची नळी चिरणे हा दुरुस्तीचा नव्हे, आगीचा मामला आहे. म्हणून पडदा व सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घेणे, हे रंगरंगोटीच्या आधीचे काम. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी असल्यास पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे होतात, आणि पंप प्रथम तेच शोषतो.

राहता राहिले दप्तर. खाजगी मोटारीची मूळ नोंद पंधरा वर्षांची. त्यानंतर बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच-२८ च्या कचेरीत, गाडी तपासणीस रुजू करून दर पाच वर्षांनी मुदत वाढवून घ्यावी लागते, आणि पर्यावरण कर निराळा. नूतनीकरणाचे शुल्क २०२२ च्या एप्रिलात ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले, आणि वीस वर्षांपलीकडच्या गाड्यांना २०२५ पासून १०,००० पडू लागले. पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी २०२१ साली वेगळे नियम झाले आहेत, आणि १९७४ सालची पद्मिनी आता त्यात बसते. पहिल्या ११८ ला मात्र २०३५ पर्यंत थांबावे लागेल. त्या नोंदीत एक अट अशी आहे की गाडी प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती, इंधनभरणी अशा निवडक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामाला नाही. तेव्हा ज्याला आपल्या गाडीतून अजून नांदुऱ्याला रेल्वे गाठायची आहे, त्याने पन्नाशी उलटली तरी पाच वर्षांची जुनी मुदतच भरत राहावी.